मेनूकार्डाची पाठ

लक्ष्मीपुरीत रद्दीवाल्याकडं सापडलं:
सोनेरी काठाचं कार्ड, रेसिडेन्सी, १८८८.
कासवाचं सूप, मेंढ्याची पाठ, तितर, जेली,
नऊ वाढणी;
मधे बर्फाचं सरबत,
पोट दमू नये म्हणून.

मागं मोडीत दोन ओळी.
शेणोलीकरांनी भिंग धरून वाचल्या:
साहेब साडेअकराला उठले.
दस्तगीर खानसामा, भाकरी दीड, खर्डा. उभ्यानंच.

काल रात्री माझा पांढरा रस्सा
पिशवीतनं आला. गाठ सुटेना,
दातानं फोडली. तांबडा गादीवर सांडला.
मोबाईलमध्ये कुणी दुसराच जेवत होता,
मी त्याच्या घासांकडं बघत.
चव विचारू नका.

सकाळी शेणोलीकरांचा फोन:
अहो, तिथं आधी दोन लिहिलंय.
खोडून दीड केलंय.