उणे चाळीस

वायर लावली होती मी रात्री. शपथ.
पण खांबावरचा फ्यूज दोनच्या सुमारास
कधीतरी गेला असणार,
आणि आता पहाटेचे चार वीस.
गाडीच्या नाकातून लोंबणारं ते काळं शेपूट
हातात घेतलं, तर काठीसारखं ताठ.

बमिजीतला हा माझा नववा हिवाळा.
अजून मनात फॅरनहाइटचं सेल्सिअस करते,
बत्तीस वजा, पाचने गुणा, नऊने भागा,
मग कुठे अंगाला कळतं किती गार आहे ते.
आज आकडेमोड नाही.
उणे चाळीसला दोन्ही मापं
एकाच आकड्यावर येऊन उभी राहतात,
आणि कानाची पाळी थेट मराठीत बोलते.

डिझेलचं जेल होतं, असं म्हणतात इथे.
मी थिजलं म्हणते.
कराडला डिसेंबरात खोबरेलाची बाटली
आई पायरीवर उन्हात ठेवायची,
आणि शाळेची घंटा होऊन गेली तरी
मी केस मोकळे सोडून बाटलीकडे बघत बसलेली.
ही टाकी कुठल्या पायरीवर ठेवू?
सूर्याला अजून पावणेचार तास,
आणि आला तरी इथे तो नुसता तोंड दाखवून जातो.

दार ओरडलं. सीट म्हणजे फळी.
किल्ली एक घर फिरवली,
आणि डॅशबोर्डवर पिवळी गुंडाळी पेटली.
हॉस्टेलवर पलंगाखाली लपवलेली
आमची कॉइलची शेगडी, अगदी तश्शी.
बाहेर रेक्टरबाईंच्या चपला वाजायच्या
आणि आम्ही चौघी श्वास धरून, चहा होईपर्यंत.
आत चार ग्लो प्लग लाल होत असतील.
दिसत नाहीत. मानायचं.

"गुंडाळी विझली म्हणून लगेच मारू नकोस,"
शेजारचे हॉगलंड सांगायचे,
चाळीस हिवाळे लाकडाच्या ट्रकवर काढलेले,
"किल्ली मागे घे. परत पुढे. तीनदा तापव.
अशा थंडीत बॅटरीत एकच मोठा श्वास असतो."
त्यांच्या गॅरेजात आता मुलीची विजेवरची गाडी.
तीही आज अर्ध्या वाटेत दमेल म्हणा.

एकदा.
पाचला सेंटर उघडायचं, चाव्या माझ्या पर्समध्ये.

दुसऱ्यांदा.
साडेपाचला लॉरेन बोल्यू येतील,
तळ्यापलीकडून, व्हॅनने, चाळीस मैल,
स्वतःची चांदणीची गोधडी काखेत घेऊन.
कारण रक्त नळीतून यंत्रात जातं, फिरतं,
परत येतं ते जरासं गार होऊन.
चार तास. आठवड्यातून तीन वेळा.
"माझा हिवाळा आतून येतो," म्हणतात.
मी यंत्राचं तापमान अर्धा अंश वाढवते.
त्याच्यापुढे वाढवायची मला परवानगी नाही.

तिसऱ्यांदा. गुंडाळी विझली.
मारला.

घर्र.
घर्र, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा घ,
गाढ झोपेतल्या म्हाताऱ्याला
नाव विचारल्यासारखं.
एक सिलिंडर हो म्हणाला. बाकीचे तीन
पांघरूण ओढून पडलेले.
किल्ली सोडली नाही. बोटं माझी आहेत की नाहीत
तेही कळत नव्हतं, त्यामुळे सोपं गेलं.
मग दुसरा. मग तिसरा, शिव्या देत.
मागे पांढरा धूर, एवढा
की हॉगलंडांचं घरच पुसलं गेलं.

चौथा रस्त्यात आला, तळ्याच्या वळणावर.
चाकं चौकोनी झाल्यासारखी आपटत होती
आणि मी त्याला मोठ्यांदा "ये, ये बाबा" म्हणाले.

सेंटरच्या आवारात गाडी बंद केली नाही.
नियमात बसत नाही, डिझेलही फुकट जातं.
दुसऱ्या किल्लीने कुलूप लावलं आणि आत गेले.

सहाला लॉरेनबाईंचा हात मांडीवर घेऊन
सुई टोचताना त्यांनी खिडकीतून पाहिलं.
"तुझी गाडी चालूच राहिलीय."
"हो," म्हटलं, "राहू दे,"
आणि नळीवर बोट ठेवून पाहिलं.
कोमट.