तयार रंगाचे

सदरच्या दुकानात काचेमागे सहा जण:
एक बुटका, कुऱ्हाड त्याच्याहून मोठी,
एक चेटकीण, हिरव्या झग्यातली,
आणि चार उंदीरतोंडे, एकाच साच्यातून पडलेले.
नगाला साडेतीनशे. रंगवून तयार.
बिनरंगाचे निम्म्यात मिळतात,
दुकानदार सांगतो. मी ऐकत नाही.

शनिवारी डाव आहे, मनीषनगरात,
दुष्यंत मेश्रामच्या गच्चीवर.
वीस बाजूंचा फासा घरंगळेल, कोणीतरी मरेल;
रंग वाळायची वाट कोण पाहणार?

पण घर चितारओळीत.
चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे
सगळ्यात शेवटी उघडणाऱ्या बाबांनी
बुटक्याला तळहातावर घेतलं,
चष्मा कपाळावर सरकवला.
"केवढ्याले?"
मी दोनशे सांगितले.
"डावा डोळा गालावर गेला ना बे याचा."
आणि ठेवून दिला, टीव्हीच्या रिमोटशेजारी.

रात्री दीडला त्यांच्या खोलीत दिवा.
म्हटलं, झालं, डोळा जागेवर येणार.

सकाळी पाहिलं.
डोळा तसाच, गालावर.
फक्त कुऱ्हाडीच्या पात्याला
एका केसाएवढी
पांढरी धार,
अजून ओली.