शून्य आधी

बोहरी आळीत, दोरखंडाच्या आणि पत्र्याच्या दुकानांमध्ये
अब्बांची साडेसहा फुटांची जागा.
दस्तगीर शिकलगार, तराजू-काटे दुरुस्ती,
खाली लहान अक्षरांत: सरकारी शिक्का मारून मिळेल.
सुटीत मी तिथे पितळेची वजनं घासायचे
चिंचेनं आणि राखेनं.

तराजू आला की अब्बा पारड्यात आधी काहीच ठेवायचे नाहीत.
फुंकर मारायचे. साखळीचा पीळ सोडवायचे.
खाली कुणी चिकटवलेला मेणाचा गोळा
नखानं खरवडायचे, कुणाचं नाव न घेता.
"शून्य आधी. ते खोटं, तर पुढचं सगळं खोटं."

मदरशातून कलमा पाठ करून आले,
घडाघडा म्हणायला लागले,
तर पहिल्याच शब्दावर थांबवलं.
"ला. म्हणजे काय?"
नाही.
"बघ. आधी नाही म्हणायचं.
पैसा नाही, साहेब नाही, भीती नाही, मी नाही.
पारडं मोकळं झालं, की मग अल्ला.
लोक घाई करतात."

उस्ताद सांगायचे, दीन पाच खांबांवर उभा आहे.
मी वहीत पाच खांब काढले, वर कौलं, कौलांवर कबुतर.
अब्बांनी चष्मा वर करून पाहिलं.
"माणसं कुठायत?"

गुडघे झिजले तशी नमाज स्टुलावर आली,
ज्यावर बसून काटे जुळवायचे, त्याच.
कपाळ जमिनीला टेकत नाही, हे त्यांना फार लागायचं.
गिऱ्हाईक आलं तर शेजारून सुगनचंद ओरडायचे,
"थांबा हो, साहेबांशी बोलतायत वरच्या!"

बी.कॉम. झाल्यापासून जकातीचा हिशेब माझा.
शंभराला अडीच. मी पैशापर्यंत काढला,
त्यांनी तो पुढच्या शेकड्यावर नेला
आणि मला काशेवाडीत धाडलं, मदिनाबीकडे.
"म्हणावं, अब्बांकडे तुमचं जुनं देणं होतं."
ही थाप झाली, मी म्हटलं.
"थाप कशी? तिचंच आहे.
माझ्या गल्ल्यात पडलं होतं इतके दिवस."

हजसाठी तीनदा नाव टाकलं. तीनदा सोडतीत निघालं नाही.
चौथ्या साली गुडघ्यांनीच नकार दिला.
पण मोमीनपुऱ्यातले हाजी निघायच्या आधी
बॅगा तोलायला अब्बांच्याच काट्यावर येतात.
एहरामची दोन कापडं, गोळ्यांची पिशवी, लोणच्याची बरणी.
"सव्वा किलो जास्त. लोणचं काढा, मामू."
एका बॅगेवर त्यांचा हात
गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला.
"काटा हलतोय," म्हणाले.
काटा हलत नव्हता.

आणि रोजे.
साखर तीनशेवर गेली, तेव्हा परचुरे डॉक्टरीणबाईंनी
कागदावर दोनदा रेघ ओढली: उपास बंद.
त्या रमजानात दुपारी दीडला अर्धं शटर ओढून
अब्बा भिंतीकडे तोंड करून बसायचे,
सुई टोचून, भाकरीचे चार घास,
चोरानं खावेत तसे.
कारण हाताखालचा तन्वीर रोज्यानं होता,
त्याचे ओठ वाळलेले, त्याचं वय सतरा.

तन्वीरनं मान वळवली नाही.
ऐरणीवर एक सरळच पट्टी ठेवली
आणि ठोकत राहिला, ठोकत राहिला,
भाकरी संपेपर्यंत.

संध्याकाळी फिदया. चुकलेल्या एका रोज्यामागे
एका भुकेल्याचं जेवण: पावणेदोन किलो गहू.
दुसऱ्या कुणाला तोलू द्यायचे नाहीत.
काटा थरथरला, मधोमध आला, थांबला.
वर्षभर याच क्षणासाठी राबणारा माणूस
थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला,
मग पोत्यात हात घालून आणखी एक मूठ टाकली.
पारडं खाली बसलं.

"आता माप चुकलं," मी म्हणाले.
"चुकू दे."
अजान सुरू झाली होती.
त्यांनी खजुराची वाटी तन्वीरपुढे सरकवली
आणि ती त्यानं उचलेपर्यंत
स्वतः पाण्याला हात लावला नाही.