मापांची वही

केप्याच्या बाजारात, खतांच्या दुकानावर
माझा शिवणक्लास.
सात मशिनी, दोन कायमच्या कुरकुरणाऱ्या,
आणि ही लांबट वही, निळ्या पुठ्ठ्याची,
जिच्यात सव्वीस वर्षं
मी मुलींचे खांदे लिहीत आले.

शेवंती वेळीप. खांदा साडेतेरा.
बाही नऊ.
"गळा मागून जरा खोल घ्या, टीचर,
आणि कोणाक सांगू नाका."
काजूच्या कारखान्यातून थेट यायची,
टरफलांच्या तेलाने बोटांची सालं गेलेली,
म्हणून स्वतःच्याच रेशमी कापडाला
हात लावायची नाही,
नुसती बघायची.
खाली स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजला.
चपला हातात घेऊन जिना उतरली.
शुक्रवारी न्यायला येते, म्हणाली.

कुठला शुक्रवार.

पळाली, म्हणाला गाव.
एका शब्दात दार लागतं, कडीसकट.
बाप चौकीवर गेला नाही,
धाकट्या दोघी लग्नाच्या होत्या.
आईच्या पेटीतल्या दोन पाटल्याही गेल्या होत्या,
त्यामुळे सगळ्यांचं कोडं सुटलं.
आणि मीसुद्धा,
दातांनी दोरा तोडता तोडता म्हणाले,
पळाली असेल, सुखात असो.
तो दोरा अजून दातांत आहे.

चार वर्षांनी रेशू देवळी.
मग इनासिना, पांढरं सॅटिन, पंचवीस मोती.
त्यांच्या मध्ये शाळेच्या गणवेशांची
कितीतरी पानं.
हॉर्न तसाच, दोनदा.
मी खिडकीशी गेले नाही,
बटणाचं काज करत होते.

एका मार्चात, बोंडूंचा आंबूस वास गावभर सुटलेला असताना
फौजदार जिना चढून आला.
डोंगरातल्या काजूबागेत काही सापडलं होतं.
"काही" म्हणाला तो, आणि खाली बघितलं.
मग विचारलं,
बाई, तुमच्याकडे हाताची लांबी लिहिलेली असते का?

असते.
रेशूला पूर्ण बाही हवी होती,
कोपराखाली भाजल्याचा डाग होता,
त्याला तो आवडणार नाही म्हणाली होती.
खांद्यापासून मनगट, साडेवीस.
फौजदाराने खिशातला कागद उघडला,
आकडा पाहिला,
टोपी काढून मांडीवर ठेवली.
खाली कोणीतरी युरियाचं पोतं तोलत होतं.

त्यानंतर वर्तमानपत्रांत त्याचाच फोटो,
त्याचं बालपण, त्याची आवडती मासळी.
मुली नुसत्या आकड्यात:
तिसरी, पाचवी, अनोळखी.
अनोळखी?
छाती बत्तीस, कंबर सव्वीस,
डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरता,
पाण्याच्या घागरीमुळे.
त्याचं माप माझ्याकडे नाही.
नावही या वहीत येणार नाही.

गेल्या महिन्यात शेवंतीची आई आली.
बार्शेंहून, दुपारच्या बसने, एकटी.
झालाय का ब्लाऊज, विचारलं तिने,
जसा परवाच टाकलेला.
कपाटातून काढून दिला.
घड्यांवर रंग उडालेला, आत मात्र जांभळा लख्ख.
तिने बाहीत हात घालून पाहिला,
मनगटापर्यंतसुद्धा नाही, नुसती बोटं,
आणि म्हणाली, हूक नाहीत.

नव्हते. शुक्रवारी सकाळी लावणार होते.

मग ती बाकावर बसली
आणि मी पाच हूक लावले.
इतका वेळ मला पाच हुकांना कधी लागला नव्हता.
पदराची गाठ सोडून तिने मजुरी विचारली.
नको म्हणणं जिभेवर आलं होतं.
पण तिने ज्या तऱ्हेने नोटा सरळ केल्या ते पाहून
घेतले.
जुन्या दराने, पस्तीस रुपये.

वहीत शेवंतीपुढे
तारीख घातली, लिहिलं: नेला.

दोन अजून कपाटात आहेत.