ग्रह कोणता?

टिळकवाडीच्या मंगल कार्यालयात
वरपक्षाच्या खोलीपुढं रांग:
दोन रोबो, एक चेटकीण
आणि इस्त्रीच्या शर्टातला मी.

टेबलामागच्या शिवलीलानं कन्नडात विचारलं,
मी मराठीत सांगितलं: भुजंग सांबरेकर, वडगाव.
तिनं लिहून घेतलं. पुढचा रकाना, ग्रह.
नुसतं राज्य विचारलं तरी बाबा खाकरतात,
ह्याला काय करतील?

आत एका पोरानं स्वतःच्या मुलखाचा नकाशा मांडलेला.
सवयीनं मी आधी हद्द शोधली.
"अजून काढली नाही, शाई संपली."
त्याच्या पंखांना जर
आमच्याच मागावरची, वाया गेलेली.
मी बोललो नाही.

चहाला रोबोनं डोकं काढून काखेत धरलं,
कुंदा खाल्ला, बोटं चाटली.
"पहिल्यांदाच काय?"
होय की, म्हटलं,
आणि ते डोकं जरा घालून बघितलं.
आत अजून ऊब होती.