मागच्या खोलीतली शिंगं

नागाळा पार्कातल्या बंगल्यात, दिवाणखान्यात
एकवीस मुंडकी.
मी शिडीवर, हातात शिंप्याचा टेप.
खाली अस्लम मुजावर वहीत आकडे लिहितो.
ही सगळी त्याच्या आज्यानं भरलेली:
भुसा, तुरटी, काचेचे डोळे.
डोळे मुंबईहून यायचे, डझनाच्या भावानं.

एक्केचाळीस इंच. बेचाळीस. एक्केचाळीस आणि पाव.
खाली पितळी पट्टी: मध्य प्रांत, नर्मदेचं खोरं.
"आणि आपल्याकडची?"
"आपली मागं हायत, मॅडम."

मागच्या खोलीत गाद्यांची चळत, तुटका पंखा,
आणि त्यांच्या मधोमध, भिंतीकडं तोंड करून,
नऊ सांबरं. दाजीपूर, पाटगाव, गगनबावडा.
एकोणतीस. अठ्ठावीस. साडेसव्वीस.
एका टोकाला प्लॅस्टर चढवलेलं,
दोन इंच वाढीव, वरनं तपकिरी रंग.
अस्लम ते नखानं खरवडतो आणि थांबतो,
आज्याच्या खिशात हात घातल्यासारखा.
"मालकांनीच सांगितलं असणार," म्हणतो.
मी वहीत दोन्ही आकडे लिहायला सांगते.

मग चहा येतो, आणि मी त्याला जांभ्याचं सांगते.
शिंग म्हणजे हाड. दर वर्षी गळतं,
दर वर्षी कवटीतून नव्यानं उगवतं,
मखमलीत गुंडाळलेलं, हात लावला तर गरम.
त्याला चुना लागतो, स्फुरद लागतं,
तेही चार-पाच महिन्यांत.
आणि आपल्याकडं ते वाढतं नेमकं पावसात,
जेव्हा सड्यावरची माती
होता नव्हता तेवढा चुना सोडून देते,
ओढ्यातनं भोगावतीत, भोगावतीतनं पंचगंगेत,
खाली शिरोळच्या उसाला.
"म्हणजे आपल्या सांबराचं शिंग
साखरेत गेलं म्हणा की," अस्लम म्हणतो.
तसं नाही, म्हणायला मी तोंड उघडते,
आणि बशीत चहा ओतते.

मागल्या चैत्रात धाकू झोरेनं मला
सड्याच्या कडेला गळालेलं शिंग दाखवलं होतं.
एकच, डावं. करवंदीच्या जाळीत पडलेलं.
दोन टोकं कुरतडलेली.
साळिंदराचे दात रुंद, पन्हळीसारखे.
त्यांच्या शेजारी दुसरेच काही ओरखडे,
बोथट, दाढेचे.
"मादी," धाकू म्हणाला. "गाभण असली की चघळती."
मी ते पिशवीत घालायला वाकले.
त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.
मी फोटो काढला, माप घेतलं,
आणि शिंग होतं तिथंच ठेवलं.

धाकू भरतीला दोनदा उतरला होता.
धावण्यात पहिल्या दहात,
उंचीत पाऊण इंच कमी.
शिरोळची पोरं रांगेत त्याच्या पुढं उभी होती,
"उसासारखी," तो म्हणाला,
त्यात राग नव्हता, नुसती मोजणी होती.
आता त्याच चढावर तो रोज अठरा किलोमीटर चालतो,
आणि मी बारा वर्षं चढूनही मधे बसते.

शिडी घडी करताना अस्लम विचारतो,
"मॅडम, ही लहान ऱ्हायली ती मातीनंच?
का मोठी व्हायच्या आतच मारली?"
मी परत मागच्या खोलीत जाते.
गादी सरकवते, एकेक जबडा उघडून दाढा बघते.
आज्यानं दात खरे ठेवलेत, तेवढं बरं केलं.
फारशा झिजलेल्या नाहीत.
सात जणांच्या तर मुळीच नाहीत.

बेचाळीसवाल्याच्या तोंडात लाखेची जीभ,
दाढा दिसत नाहीत.

वहीत आता एक रकाना वाढवावा लागेल.
अस्लम पट्टी लावून रेघ मारतो,
वर काय लिहू, विचारतो.
बाहेर नळाला पाणी आलंय, कोणीतरी बादली लावतंय.
वय, मी सांगते. वय लिही.
आणि जिथं कळत नाही, तिथं कोरं सोड.