साबण न होणारं तेल

उणे ऐंशीच्या कपाटाचं दार उघडलं
की पांढरी वाफ आधी पायांवर येते.
रेक्याविकमध्ये जानेवारी. अकरा वाजले तरी
खिडकी उजाडायचं मनावर घेत नाही.
मी एकेक कुपी बर्फात रोवून ठेवते.
नावं नाहीत, आकडे.
आजारी कोण, धडधाकट कोण,
ती यादी पाकिटात बंद,
पाकीट आस्दीसच्या खणात,
आणि आस्दीस पोटात ठेवण्यात पटाईत.

आम्ही शोधतो आहोत एक चरबी.
साध्या चरबीहून फरक तो केवढा,
सांध्यापाशी एक ऑक्सिजन कमी. बस्स.
पण तो सांधा चिवट.
गाठीच्या पेशींना ती मानवते, म्हणे.
रक्तातही चढते, म्हणे.
हा 'म्हणे' आमच्या निबंधात
इस्त्रीचे कपडे घालून येतो:
'संभाव्य.'

यंत्र रात्रभर रेणू तोलतं.
सकाळी पडद्यावर टेकड्या,
बुटक्या, बुटक्या, बुटक्या,
आणि एकशे सत्तेचाळीसला सुळका.

नळी धुतली. कोरा नमुना सोडला: सपाट.
पुन्हा एकशे सत्तेचाळीस.
सुळका.

चाळीसच्या पुढचं खोकं स्ट्रांदिरच्या किनाऱ्यावरून आलं,
हे मला कळायला नको होतं,
पण खोक्यावरचा पत्ता खरवडायचा राहिला होता.
बाबा नोव्हेंबरमध्ये फोनवर म्हणालेच होते,
"दोन नळ्या दिल्या रक्ताच्या. कॉफी फुकट."

त्या किनाऱ्यावर आमची शेड. काळी कढई.
शार्कचं काळीज एकट्याने उचलवत नसे,
मी शेपटाकडून धरायची, बाबा तोंडाकडून,
असं मी शाळेत सांगितलं तर मुलं हसली:
काळजाला शेपूट कुठे असतं!
दिवसभर ते मंद आचेवर पाझरायचं,
आणि रोज सकाळी एक चमचा बाबांच्या तोंडात,
चेहरा न वाकडा करता.

आईने एकदा त्या तेलाचा साबण करायला घेतला.
कॉस्टिक सोडा, उकळी, दोन दिवस ढवळणं.
बरंचसं विरलं, पण एक थर
वर तसाच तरंगत राहिला.
"हट्टी आहे," ती बाबांकडे बघत म्हणाली.
मला आता माहीत आहे त्या थराचं नाव.
तोच सांधा. तोच एक ऑक्सिजन कमी.

म्हणजे सुळका समुद्राचाही असू शकतो.
पोटातून रक्तात आलेला, निरुपद्रवी,
चमच्याचमच्याने.
यंत्र वजन सांगतं,
कुठून आलीस ते विचारत नाही.

आणि स्ट्रांदिरला माणसं काय एकच आहेत?

विचारायचं नसतं. नियम आहे, सही केली आहे.
संध्याकाळी फोन लावला.
रस्ता बंद आहे का, बर्फ किती,
शेजारच्या ग्विद्लाइगचा ट्रॅक्टर निघाला का,
आणि मग, अगदी सहज,
बरणीत तेल आहे ना अजून?

"तेल?" बाबा हसले.
"ऑगस्टलाच खडखडाट. यंदा शार्क लागलाच नाही गं.
आता नुसती कॉफी."

मी म्हटलं, बरं.
म्हटलं, टोपी घालत जा.

वहीत एकशे सत्तेचाळीसपुढे
नियमात बसेल एवढंच लिहिलं,
'नमुना पुन्हा मागवावा,'
आणि खालची ओळ कोरी सोडली,
पान उलटायच्या आधी शाई वाळेपर्यंत
खिडकीत बघत बसले.
उजाडलं होतं.
कधी, ते कळलं नाही.